जालावरची कलाकृती ‘पाहिली’ असे केव्हा म्हणावे?

रेखाटनवही

सदाशिव पेठेत आमचा चित्ररसग्रहणाचा एक छोटा गट आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी आम्ही चौदा-पंधरा जण एका सदस्याच्या दिवाणखान्यात जमतो, भिंतीवर प्रोजेक्टरने चित्रे पाहतो आणि त्यांच्याविषयी बोलतो. मी शाळेत चित्रकला शिकवत असे, त्यामुळे विषयाची निवड आणि प्रास्ताविक बहुधा माझ्याकडे असते. लघुचित्रांपासून सुरुवात करून घनवाद, अमूर्त चित्रे, मांडणीशिल्पे असे करत गेल्या महिन्यात आम्ही इंटरनेटसाठीच घडवलेल्या कलाकृतींपाशी येऊन पोहोचलो. तिथे मात्र पूर्वी कधी न आलेली अडचण उभी राहिली. ती सविस्तर मांडते, कारण या विषयात मुरलेल्या मंडळींचे मत मला मनापासून हवे आहे.

मी निवडलेली कलाकृती मॉस्कोत जन्मलेल्या ओलिया लियालिना या कलावतीची होती. ‘माय बॉयफ्रेंड केम बॅक फ्रॉम द वॉर’ हे तिचे नाव, साल १९९६. काळ्या पार्श्वभूमीवर थोडी कृष्णधवल चित्रे आणि तुटक इंग्रजी वाक्ये, एवढाच तिचा ऐवज आहे. प्रियकर युद्धावरून परतला आहे आणि जेवणानंतर घरच्यांनी दोघांना एकटे सोडले आहे. एखाद्या वाक्यावर किंवा चित्रावर क्लिक केले की त्याची चौकट दुभंगते, नव्या तुकड्यात पुढचे वाक्य उमटते, तो तुकडाही पुढे फुटतो, आणि असे होत होत शेवटी पडद्यावर रिकाम्या काळ्या चौकटी उरतात. संभाषण तुटत जाते आणि त्याबरोबर पडदाही तुटत जातो. हे मला विलक्षण वाटले होते आणि अजूनही वाटते.

त्या संध्याकाळी मी लॅपटॉपपाशी बसले होते आणि बाकीचे सगळे भिंतीकडे पाहत होते. कुठे क्लिक करायचे ते मीच ठरवत होते. दहा-एक मिनिटांत मी काळ्या चौकटींपर्यंत पोहोचले, थोडी चर्चा झाली, चहा झाला. निघताना बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या एक सदस्य मला म्हणाल्या, “तुम्ही आधी दुसऱ्या चौकटीत गेला असतात, तर तो वेगळे काही बोलला असता का?” मला नेमके उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. रात्री घरी त्यांनी एकटीने तीच कलाकृती उघडली होती आणि अर्ध्यावर बंद केली होती. त्या म्हणाल्या, “काल भिंतीवर ती दोघे आपापसात बोलत होती. रात्री मात्र मी बोट ठेवले की तो बोलायचा, नाहीतर गप्प. त्याला बोलायला लावणारी मी कोण, असे वाटले आणि मग पुढे जाववेना.”

तेव्हापासून हा प्रश्न मनात घोळतो आहे. शनिवारी त्या खोलीत ती कलाकृती नक्की कोणी पाहिली? अमृता शेर-गिल यांचे चित्र भिंतीवर दाखवतानाही मूळ आकार, रंग आणि पोत हरवतो हे मला ठाऊक आहे, पण तिथे जे हरवते ते सर्वांचे सारखेच हरवते. इथे मी कलाकृती पाहिली आणि तेरा जणांनी मला ती पाहताना पाहिले. आणि ज्यांनी ती खरोखर हाताळली, त्यांनी ती पूर्ण केलीच नाही. प्रेक्षकाच्या कृतीवाचून जी कलाकृती पुढे सरकत नाही, ती ‘पाहिली’ असे केव्हा म्हणायचे? पुढच्या महिन्यात हाच विषय पुढे न्यायचा आहे, त्यामुळे काय दाखवावे आणि कसे दाखवावे याविषयीही सुचवावे.

मूकपट

आपला प्रश्न वाचून मला लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म अर्काइव्हमधले जुने खेळ आठवले. १९६४ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेमुळे माझ्यासारख्या अनेकांना मूकपट पाहता आले, आणि मूकपट चुकीच्या पद्धतीने पाहिला तर काय होते हेही तिथल्या जाणकारांशी बोलूनच कळले. मूकपटांचे चित्रीकरण बहुधा हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर होई आणि त्याचा वेग सेकंदाला साधारण १६ ते २० चौकटी असा कमीजास्त असे. बोलपट आल्यावर २४ चौकटींचा वेग पक्का झाला. जुना मूकपट या वेगाने दाखवला की माणसे तुरुतुरु पळू लागतात आणि शोकाच्या प्रसंगालाही प्रेक्षागृहात हशा पिकतो. मूकपट म्हणजे मुळातच असा धावरा प्रकार, असा माझाही कित्येक वर्षे समज होता.

लियालिना यांच्या कलाकृतीला हेच लागू होते असे मला वाटते. १९९६ साली माणसे टेलिफोनच्या तारेवरून, सेकंदाला २८.८ किलोबिट किंवा त्याच्या आगेमागे वेगाने चालणाऱ्या मोडेमवर इंटरनेट पाहत होती. आपल्याकडे तर विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी ही सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली होती आणि मोडेमची ती कर्कश शिट्टी ऐकूनच पुढच्या गोष्टी घडत. क्लिक केल्यावर पुढचे वाक्य यायला वेळ लागे. दोन माणसांच्या अवघड संभाषणात प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये जो काळ जातो, तो त्या कलाकृतीला त्या तारेने पुरवला होता. आज तेच वाक्य बोट उचलायच्या आत हजर होते. तेव्हा आपल्या सदस्यांनी रात्री घरी एकटीने जे पाहिले, तेही २४ चौकटींच्या वेगाने चालवलेला मूकपटच होता, असे मी नम्रपणे म्हणेन.

कलावतीला स्वतःला या गोष्टीचे भान आहे, हे त्यांच्या २०१३ सालच्या ‘समर’ या कृतीवरून दिसते. त्यात त्या झोपाळ्यावर झोके घेताना दिसतात. वरवर साधे हलते चित्र वाटते, परंतु त्या हालचालीतली प्रत्येक चौकट वेगवेगळ्या संकेतस्थळांच्या सर्व्हरवर ठेवलेली आहे. ब्राउझर एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर उड्या मारत जातो, वरच्या पट्टीतला पत्ता सतत बदलत राहतो, आणि झोका किती वेगाने जाईल हे पाहणाऱ्याच्या जोडणीवर ठरते. पुढच्या बैठकीसाठी मी हीच कृती सुचवेन. पहिल्या कलाकृतीसाठी जुन्या ब्राउझरचे अनुकरण करणारे ओल्डवेब डॉट टुडे हे स्थळ वापरून पाहावे; आजच्या संगणकावर नेटस्केप या त्या काळच्या ब्राउझरची खिडकी उघडून त्यातून जुनी पाने पाहण्याची सोय तिथे केलेली आहे.

आज्ञावली

मूकपट यांचा वेगाचा मुद्दा पटला. तरीही वेग परत आणता येतो. जे परत आणता येत नाही त्याविषयी लिहितो, कारण ते मी स्वतः अनुभवले आहे.

महाविद्यालयात असताना, साधारण वीस वर्षांपूर्वी, मी फ्लॅश या हलती चित्रे करायच्या संगणकप्रणालीत एक कृती केली होती. पडद्यावर मुठेचे पात्र आणि भिडे पूल एवढेच चित्र होते. खडकवासल्यातून पाणी सोडले की तो पूल पाण्याखाली जातो, हे पुणेकरांना सांगायला नको. माझ्या चित्रात धरण नव्हते. त्या क्षणी जगात जितकी माणसे ते पान उघडून बसली असतील, तितक्या रेषांनी पाणी वर चढत असे, आणि कोणी पान बंद केले की एक रेष खाली येत असे. पूल बुडायला ३१ माणसे एकाच वेळी हजर असावी लागत. रात्री उशिरा पाहिले तर पाणी तळाला असे आणि मी एकटाच आहे हे कळे. एकदा, एकदाच, मित्रांनी ठरवून आपापल्या सायबर कॅफेंतून ते पान उघडले आणि पूल बुडाला. मी वसतिगृहाच्या खोलीत तो बुडताना पाहिला.

ज्या कंपनीच्या सर्व्हरवर ते पान होते ती पुढे बंद पडली, आणि माणसे मोजणारा भाग तिच्याबरोबर गेला. ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबी या फ्लॅशच्या कंपनीने तिचा आधार काढून घेतला, तेव्हा ब्राउझरमध्ये ती फाइल उघडणेही थांबले. मध्यंतरी फ्लॅशच्या जुन्या फाइली चालवणाऱ्या रफल नावाच्या मुक्त प्रणालीमुळे ती पुन्हा चालू करता आली. चित्र जसेच्या तसे आहे, पावसाचा आवाजही आहे, पण पाणी एका रेषेच्या वर चढत नाही. मोजायला दुसरे कोणी नाही. माझ्या हाती राहिलेली वस्तू तांत्रिकदृष्ट्या संपूर्ण आहे आणि तरीही ती कलाकृती नव्हे, असे मला अगदी स्पष्टपणे वाटते.

म्हणून आपल्या प्रश्नात मी थोडा भेद करीन. काही कृतींना पाहणारा एकच लागतो. लियालिना यांची कृती त्यांपैकी आहे आणि ती आजही पाहता येते. काही कृतींना अनोळखी माणसांची एकाच वेळची हजेरी किंवा दीर्घकाळची सोबत लागते. केन गोल्डबर्ग आणि जोसेफ सान्तारोमाना यांनी सहकाऱ्यांसह १९९५ साली उभी केलेली ‘टेलिगार्डन’ ही अशी होती. ती खरीखुरी बाग होती. मध्यभागी यंत्रमानवाचा हात बसवलेला होता आणि नोंदणी केलेली माणसे जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून तो हलवून रोपांना पाणी घालू शकत, बी पेरू शकत. १९९६ साली ती ऑस्ट्रियातील लिंट्‌स येथील आर्स इलेक्ट्रॉनिका केंद्रात हलवली गेली आणि २००४ सालापर्यंत चालली. जिथे एका झाडाला दहा जण पाणी घालू शकतात तिथे ते झाड जास्त पाण्यानेही मरू शकते, आणि माळ्यांना ते एकमेकांशी बोलूनच टाळावे लागते. ही बाग आज पाहिली असे म्हणणारा माणूस तिची छायाचित्रे पाहून तसे म्हणत असतो. माझ्या पुलाचेही तेच आहे.

जाता जाता एक उदाहरण, कारण ते आपल्या प्रश्नाला नेमके भिडते. योदी या नावाने काम करणाऱ्या योआन हेमस्कर्क आणि डिर्क पास्मन्स या जोडीचे १९९५ सालचे एक पान आहे. उघडले की काळ्या पडद्यावर हिरव्या चिन्हांचा गोंधळ दिसतो आणि संगणक बिघडला असे वाटते. त्या पानाचा सोर्स कोड, म्हणजे पानामागचा मूळ मजकूर, उघडला, तर मात्र तीच चिन्हे व्यवस्थित ओळींत बसलेली दिसतात आणि त्यांतून अणुबाँबची आकृती उभी राहते. एचटीएमएल या वेबपाने लिहिण्याच्या भाषेत ओळ तोडल्याचे आणि मोकळ्या जागा सोडल्याचे वेगळे सांगावे लागते, नाहीतर ब्राउझर सगळे सलग करून टाकतो. एवढ्या एका नियमावर ती कृती उभी आहे. वर्षानुवर्षे लोकांनी ते पान उघडून बंद केले असेल. त्यांनी ते पाहिले का?

पाठभेद

मी चित्रकलेतला किंवा संगणकातला नाही. माझे आयुष्य पोथ्यांमध्ये गेले, त्यामुळे माझे म्हणणे दुसऱ्या दिशेने येईल.

रेखाटनवही यांच्या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे. कलाकृती एक आणि तिची दर्शने अनेक, असे ते गृहीतक आहे. चित्राच्या बाबतीत ते बरोबर आहे. परंतु भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सित आवृत्ती हाती घेतली तेव्हा १,२५९ हस्तलिखिते विचारात घेतली गेली, आणि १९१९ साली सुरू झालेले ते काम १९६६ साली पूर्ण झाले. संपादकांनी मूळ पाठाच्या जास्तीत जास्त जवळ जाण्याचा यत्न केला हे खरे आहे. तरीही प्रत्येक पानावर मुख्य पाठाच्या खाली जे पाठभेद दिले आहेत, त्यांत शेकडो वर्षांचे वाचक आणि लेखनिक बोलत आहेत. काश्मीरच्या प्रतीत असलेला श्लोक दक्षिणेतल्या प्रतीत नसतो, म्हणून दक्षिणेतल्या श्रोत्याने महाभारत ऐकलेच नाही असे आपण म्हणत नाही.

दिल्लीच्या रक्स मीडिया कलेक्टिव्हने हा विचार जालावर नेला होता. जीबेश बागची, मोनिका नरूला आणि शुद्धब्रत सेनगुप्ता या तिघांनी १९९२ साली हा समूह सुरू केला. २००२ साली जर्मनीतील कासेल येथे भरलेल्या अकराव्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात त्यांनी ‘ओपस’ ही कृती मांडली. तिथे कोणीही चित्र, ध्वनी किंवा मजकूर ठेवावा, दुसऱ्याने तो उचलून बदलावा आणि बदललेली कृतीही तिथेच ठेवावी. कोणती कृती कोणत्या कृतीपासून निघाली त्याची वंशावळ मात्र नोंदलेली राहील, अशी ती रचना होती. या नव्या रूपांसाठी त्यांनी वापरलेला शब्द पाठचिकित्सेतला होता, ज्याला आपण ‘पाठपरंपरा’ किंवा ‘वाचना’ म्हणू. मी तो शब्द तिथे वाचला तेव्हा मला फार आनंद झाला होता, कारण आमच्या शास्त्राकडे तरुण कलावंत अशा दृष्टीने पाहतील असे कधी वाटले नव्हते.

म्हणून माझ्या मते त्या शनिवारी आपल्या खोलीत एक पाठ सिद्ध झाला आणि रात्री त्या सदस्यांच्या घरी दुसरा. दोन्ही खरे आहेत. आज्ञावली यांच्या दुःखाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. पोथीत लेखनिकाने केलेला बदल कागदावर उरतो. त्यांच्या पुलावर आलेल्या माणसांनी काही मागे ठेवले नाही.

मागची_रांग

मी पाठभेद यांच्याशी अंशतः असहमत आहे. दोन्ही पाठ खरे मानले, तर क्लिक करणारा आणि न करणारा यांच्यातला फरकच पुसला जातो, आणि काही कृतींमध्ये तो फरक हाच विषय असतो.

इराकमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत राहणारे वफा बिलाल यांनी २००७ साली शिकागोतील एका कलादालनात ‘डोमेस्टिक टेन्शन’ ही कृती केली. त्यांचा भाऊ २००४ साली इराकमध्ये क्षेपणास्त्राच्या हल्ल्यात मारला गेला होता. अमेरिकेत बसून दूरच्या भूमीवर शस्त्रे सोडणाऱ्या एका सैनिकाची मुलाखत पाहिल्यावर त्यांना ही कल्पना सुचली. ते महिनाभर त्या दालनातल्या एका खोलीत राहिले. खोलीत रंगाच्या गोळ्या झाडणारी बंदूक बसवली होती, तिच्याशी कॅमेरा जोडला होता, आणि जगातला कोणीही माणूस संकेतस्थळावरून ती बंदूक वळवून त्यांच्यावर झाडू शकत होता. महिनाभरात ६०,००० हून अधिक गोळ्या झाडल्या गेल्या. खोली पिवळ्या रंगाने माखली. पण काही अनोळखी माणसांनी आपसांत पाळ्या लावून घेतल्या आणि रात्रंदिवस क्लिक करून ते बंदुकीचे तोंड बिलाल यांच्यापासून दूर, डावीकडे वळवत राहिले. या भागाशी आलो की मला दर वेळी थांबावे लागते.

त्या पानावर जाऊन ज्यांनी नुसते पाहिले, ना झाडली ना वळवली, त्यांनाही आपण काय केले याचे उत्तर स्वतःला द्यावे लागले असणार. तिथे न केलेला क्लिक हीसुद्धा कृती होती. त्यामुळे रेखाटनवही, आपल्या सदस्यांनी अर्ध्यावर पान बंद केले याला ‘पूर्ण केले नाही’ म्हणू नये, अशी माझी विनंती आहे. त्या गप्प मुलाला आणखी बोलायला लावायचे नाही, असे त्यांनी ठरवले. आपल्या गटात त्या कलाकृतीला सर्वांत जवळून भिडलेल्या त्याच आहेत.

आज्ञावली

मागची_रांग यांचे म्हणणे मान्य. आपल्या सदस्यांना एक गोष्ट मात्र आधी सांगून ठेवावी: लियालिना यांच्या पानात चौकटी कितीही फुटल्या तरी वरचा पत्ता बदलत नाही, त्यामुळे पान बंद करून पुन्हा उघडले की सगळे पहिल्यापासून सुरू होते. जिथे थांबलो तिथे परतता येत नाही. आणि फोनवर पाहू नये. चौकटी इतक्या बारीक होतात की बोटाने नेमके काय उघडले ते कळत नाही.

रेखाटनवही

सर्वांचे आभार. आज्ञावली, आपण सांगितलेली गोष्ट त्यांना आधीच कळली होती. मंगळवारी त्या भेटल्या तेव्हा म्हणाल्या, की त्यांनी पुन्हा पान उघडले, पहिल्या वाक्याशी परत आलेली ती दोघे पाहून त्यांना आधी वाईट वाटले आणि मग बरे वाटले. या वेळी त्यांनी दुसऱ्या बाजूने सुरुवात केली आणि काळ्या चौकटींपर्यंत गेल्या. मागची_रांग यांचे उत्तर मी त्यांना वाचून दाखवले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

पुढच्या बैठकीची आखणी मी बदलली आहे. पहिला पाऊण तास प्रोजेक्टर बंद राहील. पाच लॅपटॉप जमले आहेत. वेगवेगळ्या खोल्यांत आणि गच्चीच्या जिन्यात ते मांडून प्रत्येकाने पाळीपाळीने एकट्याने बसायचे, आधीच्या माणसाने काय उघडले ते विचारायचे नाही. एका लॅपटॉपवर ‘समर’ असेल, आणि त्याला घरातली वेगवान जोडणी न देता जिन्यातल्या कमकुवत सिग्नलवर फोनची जोडणी देणार आहे, म्हणजे झोका अडखळत जाईल. दुसऱ्यावर योदी यांचे पान उघडे असेल आणि शेजारी सोर्स कोड कसा उघडायचा याची चिठ्ठी पाकिटात बंद असेल. पाकीट उघडायचे की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे. बिलाल यांच्याविषयी मी बोलेन, दाखवणार काही नाही. मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांनी २००३ साली लंडनच्या टेट संस्थेसाठी केलेल्या ‘ब्लेस्ड बँडविड्थ’विषयीही बोलेन. त्यांनी नेटवर्कची तार वेगवेगळ्या धर्मांच्या प्रार्थनास्थळी नेऊन तिच्यासाठी आशीर्वाद घेतले आणि ते आशीर्वाद जालावरून येणाऱ्यापर्यंत पोहोचवायचे अशी कल्पना मांडली. आमच्या गटातल्या वयोवृद्ध मंडळींना ही गोष्ट पटकन जवळची वाटेल, आणि नंतर तिच्यातला अवघड भागही बोलता येईल.

आज्ञावली, शेवटच्या लॅपटॉपवर आपला पूल ठेवायची परवानगी द्याल का? पाणी एका रेषेवरच राहील हे मी सर्वांना आधी सांगेन, आणि ते का राहते हेही.

मूकपट यांच्या सूचनेप्रमाणे नेटस्केपची खिडकी मी चालवून पाहिली. आजच्या सपाट पडद्यावर तिची अक्षरे फार कोरडी दिसतात. कोणाकडे चालू स्थितीतला जुना, फुगीर काचेचा मॉनिटर असल्यास कळवावे. शहरात कुठेही असला तरी शुक्रवारपर्यंत मी रिक्षाने येऊन घेऊन जाईन आणि रविवारी परत पोहोचवीन.